पेशी की सलाइन

‘देवबागच्या या सुपुत्राच्या धमन्यांतून आज उद्याचं वैद्यकशास्त्र वाहत आहे,’ असं माझ्याविषयी भर सभेत म्हटलं गेलेलं आहे. म्हणणारे गृहस्थ आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आणि मी त्याच वाचनालयाचा ग्रंथपाल, त्यामुळे मला उठून हरकत घेता आली नाही. शिवाय माझ्या अंगावर शाल होती आणि एका हातात नारळ होता. दुसऱ्या हातात काठी नव्हती. सभेला सगळं कौतुक त्या नसलेल्या काठीचं होतं.

माझ्यातून नेमकं काय वाहिलं ते शेवटी सांगतो. आधी आजार. तो झाल्याचं ज्यांना नुकतंच कळलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मला ते कळलं २००८ च्या फेब्रुवारीत, गोव्यातल्या एका न्यूरोलॉजिस्टच्या खोलीत. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. हे वयस्कर होते आणि कमी बोलत. माझ्या एमआरआयची फिल्म त्यांनी भिंतीवरच्या काचेच्या पेटीला लावली. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने काढलेला शरीराच्या आतला फोटो. पेटीतली ट्यूब लुकलुकत होती. डॉक्टरांनी पेटीला तळहाताने एक चापट मारली, मग दुसरी. ट्यूब स्थिर झाली आणि माझ्या मेंदूत पांढरे ठिपके दिसले.

“मल्टिपल स्क्लेरोसिस,” डॉक्टर म्हणाले आणि पेटीकडे समाधानाने बघत राहिले. समाधान ट्यूबचं असावं.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा ऑटोइम्यून आजार आहे. आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतात. विजेच्या वायरीवरचं रबर उंदराने खाल्लं तर घरातला कुठला दिवा जाईल हे सांगता येत नाही, तसं. जिथे कुरतडलं जातं तिथे दाह होतो. इंग्रजीत इन्फ्लमेशन. दाह ओसरला की दिवा परत लागतो, कधी पूर्ण, कधी मिणमिणता. पुढचा झटका कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं.

मी विचारलं, “मी चालू शकेन ना?”

“आज चालत आलात,” डॉक्टर म्हणाले. “उद्याचं मला माहीत नाही.”

त्या दिवशी मला हे उत्तर फार कोरडं वाटलं. पुढे इतर डॉक्टर ऐकल्यावर त्याची किंमत कळली.

सुरुवात झाली होती तीन महिने आधी, रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा ते वाळूवर ओढून घेतात. रांगेतल्या माणसाने टाचा रुतवून मागे मागे चालायचं. आमच्या घरची रापण माझा थोरला भाऊ बाबीदादा सांभाळतो. मी पुस्तकांत गेलो, पण रविवारी दोराला हात लावायला जायचो. हात लावला की वाटा मिळतो, हा आमच्याकडचा नियम आहे. अनेक सरकारी खात्यांतही तो आहे, फक्त तिथे दोर नसतो.

त्या रविवारी ओढताना माझ्या पायांना वाळू लागेना. पाय वाळूत आहेत हे मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. कमरेभोवती कुणीतरी दोर करकचून आवळल्यासारखं वाटत होतं, आणि दोर तर माझ्या हातात होता. मी दोनदा पडलो. घरी आलो तेव्हा माझी बायको शैला दारात उभी होती.

“अवो, तुमची दुसरी चप्पल खंय?”

मी खाली बघितलं. एकाच पायात चप्पल होती. अर्धा किनारा मी तसाच चालून आलो होतो.

नुकतं निदान झालेल्यांनो, चप्पल हरवली तर आधी चप्पल शोधू नका, डॉक्टर शोधा. मी चप्पल शोधली. ती सापडली, म्हणून डॉक्टरकडे जायला आणखी दोन महिने लागले. मधल्या काळात मालवणात मला व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या आणि पाय आपोआप थोडे सुधारले. मग जानेवारीत डावा डोळा गेला. वाचनालयाचं लाल कापडी बांधणीचं दाखलनोंदीचं रजिस्टर एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने चहाच्या रंगाचं दिसायला लागलं. याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात, डोळ्याच्या नसेचा दाह. तेव्हा गोवा गाठलं.

उपचार म्हणून पाच दिवस शिरेतून मिथाइल प्रेडनिसोलोन दिलं. हे स्टिरॉइड, दाह दाबून टाकणारं औषध. डोळा तीन आठवड्यांत परत आला. पाच दिवस मला झोप नव्हती आणि भूक अशी की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा डबाही मी नजरेने संपवला. त्यानंतर कायमची औषधं सुरू झाली. मी वाचनालयात परत रुजू झालो आणि समजलो की प्रकरण मिटलं.

त्याच पावसाळ्यात पुन्हा झटका आला. या वेळी दोन्ही पाय. परत स्टिरॉइड, पण पाय डोळ्याइतके शहाणे निघाले नाहीत. काठी आली. देवबाग ही खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी आहे, आणि पायाला स्पर्श न कळणाऱ्या माणसाला वाळूवर काठीचाही उपयोग नसतो. माणूस आणि काठी दोघंही रुततात. म्हणून शैलाने मला तिच्या माहेरी, धामापूरला नेलं. तिथे घट्ट जमीन आहे आणि तळ्याकाठी सरळ वाट आहे.

फिजिओथेरपिस्टने, म्हणजे व्यायामाने हातपाय चालते करणाऱ्या माणसाने, रोज तासभर चालायला सांगितलं होतं. मी पुढे आणि शैला मागे असे आम्ही चालायचो. तिच्या हातात तिच्या वडिलांची काळी छत्री असे. तोल गेला की ती छत्रीच्या वाकड्या मुठीने माझी कॉलर मागून पकडी. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत.

“शैला, घोव पळान जाता काय गो?” एकीने विचारलं.

“गेलो तर बराच,” शैला म्हणाली. “चलाक तरी लागलो म्हणान समाधान.”

देवबागला रापण लागायची त्या दिवशी माझा वाटा धामापूरला पोचायचा. आजारी माणसाचा वाटा बंद करत नाहीत, हाही नियम आहे. एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला जायचा, आत बांगडे नाहीतर तारली. मी दोराला हात लावून वर्ष होत आलं होतं. डबा उघडताना पहिल्यांदा बरं वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाने निवृत्त रापणकर होऊ नये. मला परत त्या रांगेत उभं राहायचं होतं. आजारपणात माणसाच्या इच्छा फार उदात्त होतात असं वाचलं होतं. माझी एवढीच होती.

याच सुमारास बाबीदादाला स्टेम सेलचा शोध लागला. मालवणच्या सायबर कॅफेतून कुणीतरी त्याला कागद छापून दिले होते. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, जिच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात. कागदावर एका खासगी सेंटरची जाहिरात होती आणि कोल्हापूरच्या हॉटेलात त्यांचं व्याख्यान होतं. दादा, शैला आणि मी गेलो.

व्यासपीठावर फुलांचे एवढे गुच्छ होते की वक्त्याचा फक्त चेहरा दिसत होता. पक्षाघात, मधुमेह, गुडघे, टक्कल आणि आमचा आजार, अशी यादी पडद्यावर होती. सगळ्यांवर एकच इंजेक्शन. वक्ता टाळीसाठी प्रत्येक वाक्यानंतर थांबे आणि त्या शांततेत माझ्या शेजारून बाबीदादा हळूच म्हणे, “व्हय म्हाराजा.”

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण देवीपुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतो. दादाच्या तोंडून ते सवयीने जात होतं. चौथ्या-पाचव्या वाक्याला मागच्या रांगेतले दोघं-तिघंही म्हणायला लागले. तेही आमच्याच बाजूचे असावेत. टकलाचा मुद्दा आला तेव्हा “व्हय म्हाराजा” चांगलंच घुमलं. वक्ता खूश दिसला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “माका पटला.”

“काय पटलं?”

“ता माका सांगूक येवचा नाय. पण पटला.”

मी ते कागद गोव्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चष्मा काढून वाचले आणि घडी करून मला परत दिले. “हे सगळं माहीत असल्यासारखं बोलतात,” ते म्हणाले. “मुंबईत एका हॉस्पिटलात याच पेशींवर प्रयोग सुरू आहे. तिथल्या डॉक्टर सांगतील की त्यांना माहीत नाही. जायचं तर तिथे जा.”

अशा प्रकारे, माहीत नसलेल्यांच्या शोधात, आम्ही तिघांनी २००९ च्या जानेवारीत कुडाळहून मुंबईची गाडी पकडली.

तिथल्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर एक नस काढली, तिच्याभोवती कुरतडणाऱ्या पेशी काढल्या आणि मग पेन्सिलीने बाहेरून दोन गोल आणले. “या मेसेन्कायमल स्टेम सेल्स. तुमच्याच हाडातल्या मगजातून काढायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. त्या नवी नस बनवत नाहीत. बरेच लोक तसं सांगतात, ते विसरा. त्या भांडण सोडवायला जातात. दाह कमी करतात, असं आम्हाला वाटतं.”

“वाटतं?” मी म्हणालो.

“म्हणून तर प्रयोग. काहींना पेशी देणार, काहींना नुसतं सलाइन. कुणाला काय, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही. ते एका बंद पाकिटात. पाकीट वर्षाने उघडायचं. तुमची चालू औषधं मात्र चालूच राहतील.”

बाबीदादा पुढे सरकला. गावाबाहेरच्या माणसांशी तो शुद्ध बोलायला जातो, पण या वेळी त्याला ते जमलं नाही. “म्हणजे डॉक्टरणीक पण म्हायत नाय? मगे म्हायत कोणाक?”

“पाकिटाक,” मी म्हणालो.

दादा मला म्हणाला, “ह्या आपल्या देवीच्या कौलासारखाच आसा. बरा आसा. सही कर.”

संमतिपत्र चौदा पानांचं होतं. त्यात काय काय बिघडू शकतं ते सविस्तर दिलं होतं आणि काय सुधारेल याबद्दल एक ओळ होती: कदाचित काहीच नाही. इतकं प्रामाणिक चौदा पानी लेखन वाचनालयात माझ्या हाताखालून फारसं गेलेलं नाही. मी प्रत्येक पानावर सही केली.

बोन मॅरो काढणं म्हणजे कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढून घेणं. जागा बधिर करतात, पण हाड आतून बधिर होत नाही. “थोडं ओढल्यासारखं वाटेल,” असं तरुण डॉक्टर म्हणाला. थोडं नव्हतं. पण आमच्या घराण्यात ओढण्याला कुणी घाबरत नाही, हे मी त्याला सांगितलं. तेवढा वेळ ओरडण्याऐवजी बोलायला कारणही मिळालं.

वेटिंग रूममध्ये खारेपाटणच्या जुलेखाबाई भेटल्या. पस्तिशीच्या, घरी कापडाचं दुकान. त्यांचा उजवा हात थरथरायचा, त्यामुळे मीटरपट्टी आता नवरा धरी आणि त्या हिशेबाने कापड नेहमी जास्त जात असे, अशी त्यांची तक्रार होती. परक्या शहरात आपल्या बाजूचं बोलणं ऐकलं की माणूस उगीच नातेवाईक वाटतो. आम्ही लगेच भाऊ-बहीण झालो.

“भाऊ, तुमका काय होया?” त्यांनी विचारलं. “पेशी काय सलाइन?”

“पेशी.”

“माका पण. म्हणजे एक तरी रडतलो.”

मार्चमध्ये आम्हा दोघांना एकाच दिवशी बाटली लागली. आतला रंग दिसू नये म्हणून बाटलीवर खाकी पिशवी चढवली होती. आयुष्यभर मी पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. त्यांच्यावर आत काय आहे ते निदान लिहिलेलं असतं. तासाभरात बाटली संपली. मला काहीही वाटलं नाही. जुलेखाबाईंना अंगात गरम गरम वाटलं. त्यावरून पेशी त्यांना मिळाल्या असं आम्ही धरलं. मग मला भूक लागली, त्यावरून मला मिळाल्या असं धरलं.

धामापूरला परतलो. शैला, छत्री आणि तळ्याकाठची वाट तशीच होती. एप्रिलमध्ये मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागलो. मे अखेरीला एका सकाळी तळ्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत फिरताना लक्षात आलं की काठी घरी राहिली आहे. मागे बघितलं. शैला वीस पावलांवर होती, छत्री उघडून उन्हातून चालत होती. तिनेही कॉलर पकडायची सोडून दिली होती, केव्हापासून ते आम्हाला दोघांनाही सांगता येईना.

“रडतास कित्या?” तिने विचारलं.

“ऊन डोळ्यांवर येतं.”

तिने छत्री माझ्यावर धरली. छत्रीचा छत्री म्हणून उपयोग होऊ शकतो हे आम्ही विसरलोच होतो.

मी देवबागला आलो तेव्हा गावात एकच प्रश्न होता, पेशी की सलाइन. डॉक्टरबाईंना माहीत नाही, पाकिटाला अजून आठ महिने. पण गावाला आठ महिने थांबायचं कारण नव्हतं, कारण गावाकडे कौल आहे. कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव, म्हणजे देवळाचे पुजारी, फुलाच्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात आणि प्रश्न मांडतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, होडी, सगळं असं विचारतात. माझा यावर विश्वास नाही, पण माझे पाय घेऊन मी तिथे उपस्थित होतो.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे, ह्या तुझ्या लेकराक मुंबयत पेशी दिल्यानी आसतीत, तर उजवो कौल दी.” जमलेले म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

थोड्या वेळाने कळी पडली. डावी.

बाबीदादा देवस्थान कमिटीवर आहे. तो पुढे वाकला, कळी उचलली आणि बोटाने दाबून बघितली. “कळी ओली आसा. पावसाचे दिवस. हो कौल मोजूचो नाय. परत लाव.”

“बाबी, कळी ओलीच लावतत,” गुरव म्हणाले. “सुकी चिकटता काय?”

“ही जास्ती ओली आसा.”

“देवीन सांगल्यान ता सांगल्यान.”

“गुरवानू, माणूस तुमच्या समोर चलता! आणि देवी नाय म्हणता? तुमी कळी नीट लावल्यात नाय.”

गुरवांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग देवीकडे. दुसरी कळी पुसून लावली. ती उजवी पडली. ढोल वाजला. मी मनात म्हटलं, एवढ्या लोकांना इतकं हवं असेल तर देवी तरी किती ताणून धरणार. खरं सांगायचं तर, डावी कळी पडली तेव्हा मलाही ती नको होती. पेशी असतील तर हे बरेपण टिकेल, नसतील तर आजाराने नुसती सुट्टी घेतली आहे आणि तो कधीही कामावर हजर होईल, असा माझा हिशेब होता. तो कुणापुढे बोललो नव्हतो. उजवी कळी पडल्यावर मीही सुटकेचा श्वास टाकला. विश्वास नसलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण नोंद असावी म्हणून लिहितो.

कौल झाल्यावर वाचनालयाला सत्कार करणं भागच होतं. तिथलं धमन्यांबद्दलचं वाक्य वर आलेलंच आहे. बाटली शिरेला लावतात, धमनीला नाही, हे मी अध्यक्षांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, “भाऊ, भाषणात धमन्याच बऱ्या दिसतात.”

रापणीचा नवा मोसम सुरू झाला तसा मी रांगेत गेलो. दादाने मला दोराला लावलं नाही. ओढून झालेला दोर मागे वेटोळी करून ठेवायचं काम असतं, ते म्हाताऱ्यांना देतात. ते दिलं. माझ्या शेजारी सत्तरीचे दोघे होते आणि माझं वेटोळं बघून दोघंही नाराज होते. पण पायाला वाळू लागत होती. थंड, ओली, टोचणारी. मी मुद्दाम अनवाणी गेलो होतो.

पाकीट २०१० च्या मार्चमध्ये उघडलं. आधी एमआरआय झाला. मग शैला आणि मी डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी फिल्म लावली. त्यांच्या पेटीतली ट्यूब चांगली होती.

“नवा ठिपका एकही नाही,” त्या म्हणाल्या. “जुने काही फिके झालेत. वर्षभर झटका नाही. छान आहे.” मग त्यांनी समोरचा कागद वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला नॉर्मल सलाइन दिलं होतं.”

मी विचारलं, “म्हणजे हे टिकणार नाही?”

“असं का म्हणता? आज जे आहे ते तुमचं आहे. औषध लागू पडलं असेल, व्यायामाने आलं असेल, आजार शांत झाला असेल. यातलं काय, ते मला माहीत नाही. पेशींमुळे नाही, एवढंच माहीत आहे. आणि तुमच्या पेशी गोठवून ठेवल्यात. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे आता मागू शकता. माझं मत विचाराल तर आत्ता गरज दिसत नाही.”

मग मात्र एकदम हलकं वाटलं. वर्षभर मी ज्याच्या जिवावर चालतोय असं समजत होतो, ते माझ्यात नव्हतंच. तरी मी चालत होतो. आणि लागलंच तर ते शिलकीत होतं. मी “नको, राहू देत” म्हणालो. शैला म्हणाली, “म्हणजे ह्येंका काय दिल्यानीच नाय? मगे चलले कशान?”

“सांगितलं ना, माहीत नाही.”

“माका म्हायत आसा,” शैला म्हणाली. “छत्रेन.”

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं की नुसतं हसल्या, ते मला दिसलं नाही.

जुलेखाबाई बाहेर भेटल्या. त्यांना पेशी मिळाल्या होत्या. मधल्या काळात त्यांना एक झटका येऊन गेला होता, मग सावरल्या होत्या. हात अजून थोडा थरथरत होता. पेशी नसत्या तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि खळखळून हसल्या. “भाऊ, तुमचा पाणी माझ्या पेशींपरास बरा निघाला!” मला हसावं की नाही कळेना. त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातावर चापट मारली. “हसा हो. माका कापड मापूक येता आता. जास्ती जाता, पण येता.”

आता, हा आजार नव्याने कळलेल्यांसाठी चार शब्द. औषध चुकवू नका. चालत राहा, मागे कुणीतरी असू द्या. जो डॉक्टर ‘मला माहीत नाही’ म्हणेल त्याला सोडू नका. मला असे दोन भेटले आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मूळ पेशींचं पुढे काय व्हायचं ते होवो. कदाचित उद्या त्या खरंच भांडण सोडवतील. माझ्या तिथल्या फ्रीजमध्ये तयार आहेत.

देवबागला आल्यावर मी दादाला रापणीवरच सांगितलं. तो दोर हातात धरून थांबला. रांग थांबली. कुणीतरी ओरडलं, “बाबी, ओढ रे मेल्या, मासो जाता!”

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, “मगे पयलो कौल खरो होतो.”

“हो.”

“गुरवाक सांगा नको.”

“बरं.”

“आणि हंय ये. दोराक हात लाव.”

मी वेटोळं खाली ठेवलं आणि रांगेत शिरलो.

वाचनालयाच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांचं ते वाक्य छापलेलं आहे. अहवाल मीच लिहितो, पण झालेलं भाषण बदलता येत नाही. शालही परत मागितली गेली नाही. राहता राहिला एक इंग्रजी शब्द, ज्याचा अर्थ सांगायचा राहून गेला. नॉर्मल सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मी त्यासाठी आठ वेळा मुंबईला जाऊन आलो.